सहा आठवडे गहू

गहू सोडल्यावर आठ महिन्यांत नूतनचं पोट सुधारलं, अंगात रक्त भरलं, पण घरात तिची किंमत मात्र उतरली. चौलच्या त्या घरात जेवायला तांदळाचीच भाकरी. तरी सकाळचा पाव आणि लग्नातली पुरी नाकारली की सासू कृष्णाबाई म्हणायची, "नुसती थेरा हायेत." नवरा विनेश काहीच बोलायचा नाही, ते जास्त लागायचं. एकदा कागदावर आलं की तोंडं बंद होतील म्हणून नूतनने सीलिॲकची, म्हणजे गहू आतड्यांना बाधतो त्या आजाराची, तपासणी करून घेतली. रिपोर्ट स्वच्छ आला. कृष्णाबाईच्या हाती आयतं कोलीतच मिळालं.

डॉक्टर म्हणाले, "गहू खातच नाही, तर रक्तात दिसणार काय? सहा आठवडे रोज गहू खा, मग पुन्हा रक्त द्या."

म्हणजे आजारी आहोत हे दाखवायला आधी आजारी पडायचं! नूतनला हसावं की रडावं कळेना. चपाती घशाखाली उतरेना, तेव्हा कृष्णाबाईच रोज सकाळी गव्हाच्या रव्याचा सांजा करू लागली.

पंधरा दिवसांत नूतन पार कोलमडली. दिवसातून सहा-सहा वेळा संडास. सुपाऱ्या सोलायला बसली की उठताना भिंत धरायची. जिभेची चव गेली. कृष्णाबाईचे टोमणे थांबले, ती नुसती बघत राहायची.

तिसऱ्या आठवड्यात पोट शांत झालं. चौथ्यात भूक लागायला लागली, आणि तिथेच नूतनचा धीर सुटला. रोज गहू खाऊनही बरं वाटतंय, म्हणजे सासूचंच खरं, आपण नाटकी. ही लाज आजाराहून वाईट होती.

दुसरा रिपोर्टही स्वच्छ आला. विनेशने सुटकेचा निःश्वास टाकला आणि येताना पावाची लादी घेऊन आला. नूतनने मुकाट्याने एक पाव तोडला, चहात बुडवला. तोंडाजवळ नेला तोच कृष्णाबाईने तिचा हात धरला.

"नको खाऊ. सांजा दोन हप्ते गव्हाचाच केला व्हता. मंग मना बघवला न्हाय गो. तांदलाच्या कण्या भाजून केला. गूळ, खोबरा वाढवला, तुला कलू नये म्हणून."

नूतनचा आधी संतापच झाला. एवढे हाल काढले, सुया टोचून घेतल्या, सगळं पाण्यात. मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं. तिला स्वतःला कळलं नव्हतं, पण पोटाला कळलं होतं.

"आई, म्हणजे मी खोटी नव्हते?"

"न्हाय गो बाय."

विनेश खाली मान घालून म्हणाला, "उद्या डॉक्टरांना सांगू. परत सहा आठवडे..."

"डॉक्टरांना सगळं सांगा," नूतन म्हणाली. "पण गहू मी आता खाणार नाही. कागद मला तुमच्यासाठी हवा होता."