पांदणीच्या नकाशाची अट

शेव-चिवड्याची प्लेट सुरभीनं हात न लावता बाजूला सारली. चिवडा नागपूरच्या एका कंपनीनं पाठवला होता, आणि गावच्या समाजमंदिरात टांगलेलं बॅनरही कंपनीचंच होतं. बॅनरवर प्रभाकरराव हात जोडून हसत होते आणि खाली मोठ्या अक्षरांत 'पांदण नकाशाचे शिल्पकार' असं छापलं होतं.

केळझरच्या आसपासच्या गावांतल्या पांदणी, म्हणजे शेतात जायच्या वाटा, कुठल्याच नकाशात धड नव्हत्या. सेलूच्या शाळेत संगणक शिकवणाऱ्या सुरभीनं माणसं जमवून मंडळ केलं आणि त्यांना कामाला लावलं. मोबाइल सोबत घेऊन वाट चालायची, की चाललेली वाट रेघ होऊन नकाशात उमटायची. मंडळाचा नियम एकच होता. वाट ज्यानं चालली, रेघ त्याची, आणि त्याच्या होकाराशिवाय ती कुणालाही द्यायची नाही.

पहिला नकाशा जगासाठी खुला करायचा तेव्हा वापरणाऱ्यांवर अट कोणती घालायची, हा प्रश्न निघाला होता. मंडळातल्या ज्येष्ठ प्रभाकररावांनी तो एका वाक्यात निकालात काढला. "दानाले अट नसते," ते म्हणाले. पवनार काही लांब नाही, आणि जमिनी दान देणाऱ्यांच्या गोष्टी ऐकतच ही माणसं लहानाची मोठी झालेली. सगळ्यांच्या माना डोलल्या. कुणीही घ्या, काहीही करा, असं लिहून नकाशा सोडून दिला. दुसऱ्या जिल्ह्यात लोकांनी आधी चार जणांना विचारलं असतं. इथे माणूस देण्याच्या भरात असला, की त्याला शहाणपण सांगायची सोय नसते.

नागपूरच्या याच कंपनीनं तो नकाशा उचलला. उचलला याचं सुरभीला काही नव्हतं, तो होताच त्यासाठी. पण कंपनीच्या माल नेणाऱ्या गाड्या त्याच वाटांनी फिरल्या, नाल्यावरचा कोणता रपटा, म्हणजे बुटका पूल, किती पावसात पाण्याखाली जातो ते ड्रायव्हरांनी टिपलं, आणि ती सगळी सुधारणा कंपनीनं आपल्या ॲपमध्ये कुलूप लावून ठेवली. गावाच्या नकाशात रपटे पूर्वीसारखेच कोरडे राहिले.

मागच्या पावसाळ्यात प्रभाकररावांच्या बायकोला, प्रमिलाबाईंना, पांदणीत घोणस चावली. जीपवाला बाहेरगावचा होता. त्यानं गावाचा नकाशा पाहून वर्ध्याची जवळची वाट धरली, आणि पुढे रपट्यावरून कंबरभर पाणी वाहत होतं. मागे फिरून लांबच्या रस्त्यानं दवाखाना गाठेपर्यंत विष चढलं होतं. जीव वाचला, पण डावा पाय घोट्याच्या वर कापावा लागला. कंपनीच्या ॲपवर तोच रपटा महिनाभरापासून लाल दिसत होता. सुरभीनं रपट्यांच्या खुणा मागितल्या, तर सुधारणा ही आमची मालमत्ता आहे, असं गुळगुळीत उत्तर आलं. ते उत्तर आठवलं की अजूनही तिला तोंड धुवावंसं वाटे.

आता दुसरा, पहिल्यापेक्षा मोठा नकाशा तयार होता. त्यावर अट घालायचीच, असं सुरभीनं ठरवलं होतं, आणि आजची बैठक त्यासाठीच होती.

"घ्या, वापरा, इकाबी," तिनं उभं राहून सांगितलं. "पण यात जे सुधारान, ते याच अटीवर सगळ्याईसाठी खुलं करा. इरजण नेलं, तर उद्या दारात कोणी वाटी घेऊन आलं की आपल्या दह्यातलं देतो का नाई आपण? तसंच हे."

"बराबर आहे बाप्पा," मागून आनंदाबाई म्हणाल्या. "इरजणाले कोणी नाई म्हणत नसते."

कंपनीचा माणूस आदेश पहिल्या रांगेत बसला होता. त्याच्या शर्टाला एक सुरकुती नव्हती. "मॅडम, अशी अट असली तर आमचे साहेब नकाशाला हातही लावणार नाहीत," तो म्हणाला. "उगाच गावाचं नाव मोठं व्हायचं राहून जाईल. काकाजींचा तर नागपुरात सत्कार ठरला आहे."

मग काकाजी उठले. प्रभाकररावांनी आधी खादीच्या जाकिटाची बटणं लावली, मग घसा साफ केला. "मी मागंच सांगतलं होतं," ते म्हणाले. "देऊन मंग त्याच्यावर डोळा ठेवनं, हे आपले संस्कार नाईत. माह्या रेघाईले अट लावाले माहा होकार नाई."

सुरभीला शिसारी आली. ज्या नकाशापायी घरातल्या बाईचा पाय गेला, त्याच नकाशावर उभं राहून हा माणूस शाल पांघरायला निघाला होता. त्यातही दानाची भाषा. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला काही लागत नाही, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण नियम तिनंच केला होता. त्यांनी नाही म्हटलं, तर त्यांच्या नावच्या रेघा पुसून टाकायला हव्या होत्या, आणि त्यांच्या नावावरच सगळ्यात जास्त रेघा होत्या.

त्या रेघा त्यांच्या नव्हत्या. मोबाइल त्यांचा, नाव त्यांचं, आणि चालायच्या प्रमिलाबाई. पदरात मोबाइल खोचून, डोक्यावर शिदोरी घेऊन त्यांनी मैलोन् मैल पांदणी तुडवल्या होत्या. हे अख्ख्या गावाला माहीत होतं आणि अख्खं गाव त्यावर गप्प होतं. त्या रेघा पुसल्या, तर त्या वाटा प्रमिलाबाई पुन्हा कधीच चालू शकणार नव्हत्या. गावाच्या या गप्प बसण्याची सुरभीला प्रभाकररावांइतकीच किळस आली.

"काकाजी," ती म्हणाली, "रेघ ज्यानं वाट चालली त्याची. तुमच्या नावच्या वाटा कोण चाललं?"

समाजमंदिरात सगळ्यांनी आपापल्या प्लेटांत माना घातल्या. महादेवरावांसारखा सरपंच राहिलेला माणूस, तोही चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसला. आदेश मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागला.

"आता हे काय इचारनं झालं?" प्रभाकरराव हसले. "चालली असन घरची. नवरा-बायकोचं काही येगळं असते का पोरी?"

बायका दाराजवळ बसल्या होत्या. त्यांच्यातून प्रमिलाबाई कुबडीवर भार देऊन उठल्या. त्यांना उठायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळ्यांना त्यांच्याकडे पाहावं लागलं.

"मी चालली," त्या म्हणाल्या. "सुरभी, माहा होकार लिवजो. अट लाव. रपटा बुडते हे माहीत असून ज्यानं सांगतलं नाई, त्याले फुकट काऊन द्याचं?"

"अवं, बस तू," प्रभाकरराव दबक्या आवाजात म्हणाले. "तुहं नि माहं एकच आहे."

"एक असतं," प्रमिलाबाई म्हणाल्या, "तर तुमचाबी पाय कापला असता."

प्रभाकररावांनी बायकोकडे पाहिलंच नाही. ते आदेशकडे वळले आणि म्हणाले, "तुम्ही मनावर घेऊ नका भाऊ, तब्येतीमुळं चिडचिड होते तिची. सत्काराचं काही अडत नाई न?" सुरभीला वाटलं होतं की हा माणूस निदान खाली मान घालेल. त्याला तेवढीही लाज उरलेली नव्हती.

तिनं लॅपटॉप जवळ ओढला. एकेका रेघेवरचं प्रभाकररावांचं नाव खोडून तिथे प्रमिलाबाईंचं नाव घातलं, आणि प्रत्येकीखाली अट लिहिली. प्रमिलाबाई कुबडी टेकत येऊन तिच्या शेजारी बसल्या आणि पडद्याकडे पाहू लागल्या. कोणती वाट कुठली, ते त्या बोटानं सांगत होत्या.

शेवटची रेघ गावातून निघून नाल्याकाठानं गेली होती आणि एका शेताच्या बांधापाशी मध्येच थांबली होती. प्रमिलाबाईंचं बोटही तिथेच थांबलं.

"हे अर्धीच राह्यली," त्या म्हणाल्या. "इथंच चावली मले."