कार्डाची कोरी बाजू

बुधवारी सकाळी ताईंनी एक शब्दकार्ड चुकून उलटं धरलं आणि त्या दिवसापासून त्यांच्या जिवाला घोर लागला.

चूक तशी किरकोळ. पुठ्ठ्याच्या कार्डावर एका बाजूला ठळक अक्षरांत शब्द, दुसरी बाजू कोरी. गठ्ठा हातातून निसटला, उचलताना उलटसुलट झाला, आणि शब्द ताईंकडे अन् कोरी बाजू मुलांकडे आली. छोट्या खुर्च्यांच्या अर्धगोलातून बावीस गळे एकदम ओरडले, "मगर!"

"शाब्बास!" म्हणत ताईंनी कार्ड गठ्ठ्याखाली सरकवलं, तेव्हा मुलांकडची बाजू कोरी असल्याचं त्यांच्या नजरेला पडलं. आधी त्यांना हसूच आलं. पुढचं कार्ड त्यांनी मुद्दाम उलटं धरलं. "टब!" त्याच्या पुढचं. "बदक!" मग मात्र हसू ओठांवरच वाळलं. चौथं कार्ड त्यांनी सुलटं, पण स्वतःच्या तोंडासमोर धरलं. अक्षरं तळहाताएवढी, उजेड भरपूर. वर्ग चिडीचूप.

"ताई, तू दिसत नाहीस," पहिल्या खुर्चीवरून चिमटी म्हणाली. ही वर्गातली सगळ्यांत लहान मुलगी. बोलणं नेमकं आणि झोंबणारं, म्हणून मदतनीस मावशींनी तिला ते नाव ठेवलं होतं.

"मला नको बघू. कार्ड बघ."

"कार्डात काही नाहीये," चिमटी म्हणाली.

ताईंची पद्धत साऱ्या बालवाडीत नावाजलेली होती. प्रत्येक आवाजाला एक खूण. 'म'ला पोटावरून हात फिरवायचा, 'ग'ला गळ्याला बोट लावायचं, 'र'ला मोटार चालवायची, 'ब'ला गाल फुगवायचे. "माझ्या ओठांकडे बघा," हे वाक्य त्या दिवसातून शंभरदा म्हणत. आणि मुलं खरोखर शिकली होती. वर्षाच्या सुरुवातीला जी तोंडातल्या तोंडात पुटपुटायची, ती आता शब्द ऐकून त्याचे आवाज डाळीतल्या खड्यांसारखे वेगळे काढून दाखवत. तिथपर्यंत काही चुकलं नव्हतं. पण कार्डं आल्यावर खुणा थांबवायच्या होत्या. ताईंना वाटलं, आपण थांबवल्या. प्रत्यक्षात त्या फक्त लहान झाल्या होत्या. पोटावरून फिरणारा हात करंगळीच्या हालचालीवर आला होता, फुगलेला गाल नुसता थरथरायचा. ताईंना त्याचा पत्ता नव्हता. मुलांना पक्का होता. पुठ्ठ्यावरच्या काळ्या रेघांची त्यांना गरजच पडली नव्हती.

दीड महिन्याने ही बावीसजण पहिलीत जाणार होती. तिथे हे गाल नसतील, ही करंगळी नसेल. आपल्याला वाचता येतं अशा खात्रीने ती जातील आणि पहिल्याच दिवशी तोंडघशी पडतील.

दुपारी ताई मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. बालवाडी बाईंची, दारावरचा 'सहा महिन्यांत वाचन' हा फलकही त्यांनीच हौसेने रंगवून घेतला होता. ताईंनी कार्ड उलटं धरल्याची सगळी हकिगत सांगितली. बाईंचा चेहरा क्षणभर उतरला, पण क्षणभरच.

"साठ तर कार्डं आहेत. पाठ झाली असतील. पाठांतराने कुणाचं वाईट झालंय?"

"कार्डं नाही पाठ झालेली, बाई. मी पाठ झालेय."

"वा! मग शनिवारी तुम्हीच समोर उभ्या राहा, म्हणजे झालं." शनिवारी पालक येणार होते. त्यांच्याबरोबर मोठ्या शाळेच्या पहिलीच्या बाईही येणार होत्या, मुलांचं वाचन ऐकायला.

"आणि पहिलीत कोण उभं राहणार?"

बाई एकदम खुलल्या. "तेच सांगणार होते! त्यांच्या शाळेने विचारलंय, पुढच्या वर्षी ही मुलं आणि तुम्ही, दोघांना एकदमच घेऊ का? मी हो म्हणून टाकलं. बढती आहे हो ताई. तोंड असं काय करताय?"

ताई मनात हिशेब करू लागल्या. पुढच्या वर्षी पहिली, त्याच्या पुढच्या वर्षी दुसरी. मुलं उंच होत जातील, वाक्यं लांबत जातील, आणि आपण प्रत्येक ओळीसमोर गाल फुगवून उभ्या. शर्यतीच्या घोड्याला निदान शर्यत संपल्यावर सोडतात.

बाहेर मावशी रंगाच्या वाट्या विसळत होत्या. भिंतीला कान असतात. मावशींना तर दोन होते. "घाबरता कशाला? मी बारा वर्षं या पोरांना शी-शू शिकवतेय, अजून एकही माझ्याशिवाय अडलेला ऐकला नाही," त्या म्हणाल्या. मग आवाज उतरवून, "पण मी दाराबाहेर थांबते हो. आत जात नाही."

संध्याकाळी ताईंनी नवऱ्याला जेवणाच्या टेबलाशी समोर बसवलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दोषाचं मूळ शोधायची त्याला सवय होती.

"मी मनात एक अक्षर धरते. चेहरा दगडासारखा ठेवते. ओळख."

"प," तो लगेच म्हणाला.

"कसं?"

"ओठ चिकटले तुझे. अगं, तुझ्याबरोबर पत्ते खेळायला कोणी बसत नाही ते उगीच का? तुझ्या हातात एक्का आला की शेजाऱ्यालासुद्धा कळतं." मग त्याने तिचा चेहरा पाहिला आणि पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. "किती दिवस झाले हे?"

"माहीत नाही. तेच तर."

गुरुवारी ताईंनी हात खिशात घातले. मुलांनी ओठ वाचले. मग सर्दीचं निमित्त करून तोंडाला रुमाल बांधला. मुलं भुवयांवर आली, थोडी अडखळली, पण साठ कार्डांतली एकतीस निघाली. ताईंनी ते वहीत लिहून ठेवलं. शुक्रवारी काळा चष्मा आणि रुमाल दोन्ही लावून उभ्या राहिल्या, तर एक मुलगा रडायला लागला आणि चिमटी म्हणाली, "ताई, तू चोर झालीस का?" चोराच्या वेशात निघालेली कार्डं अकरा. त्यातलीही बरीच त्यांनी श्वास घेतला त्यावरून निघाली असावीत. स्वतःच्या अंगातून बाहेर पडायला दार नाही, हे त्यांना त्या दिवशी आकड्यांत कळलं.

शनिवारी पालक भिंतीला टेकून दाटीवाटीने उभे राहिले. पहिलीच्या बाई मधल्या खुर्चीवर बसल्या. मोठ्या बाईंनी कार्डांचा गठ्ठा ताईंच्या हातात दिला आणि कानाशी म्हणाल्या, "नेहमीसारखंच."

नेहमीसारखं केलं असतं तर पंधरा मिनिटांत टाळ्या झाल्या असत्या. ताईंनी पहिलं कार्ड हातात घेतलं. बावीस चेहरे फुलासारखे त्यांच्याकडे वळले. इतका विश्वास, की त्याचं ओझं व्हावं. करंगळी हलायच्या बेतात असल्याचं त्यांना पहिल्यांदाच आतून जाणवलं, आणि त्यांनी गठ्ठा मोठ्या बाईंच्या हातात परत ठेवला.

"बाई, आज तुम्ही दाखवा."

"मी?"

ताई जाऊन अर्धगोलात, चिमटीशेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या, गुडघे हनुवटीशी. लोकांसमोर बाईंना इलाज उरला नाही. त्यांनी हसून कार्ड धरलं. 'घर'. बावीस माना बाईंकडे वळल्या, तिथे काही सापडलं नाही, आणि मग सगळ्या एकदम ताईंकडे फिरल्या. ताईंनी डोळे मिटून चेहरा ओंजळीत झाकला. दुसरं कार्ड. तिसरं. बाईंच्या हसण्याची धार जात चालली. भिंतीपाशी कुजबुज उठली.

"लाजतायत," मोठ्या बाई म्हणाल्या.

"लाजत नाहीयेत," ताई खुर्चीतून उठून म्हणाल्या. "यांना आवाज येतात, अक्षरं येत नाहीत. ती माझ्याकडे बघून सांगतात. माझी चूक आहे, मुलांची नाही. मलाही बुधवारीच कळलं."

एका आईने विचारलं, "म्हणजे आम्हाला जे करून दाखवत होतात ते खोटं?"

"मला खरं वाटत होतं," ताई म्हणाल्या.

एक बाबा मुलाचा हात धरून निघून गेले. पहिलीच्या बाई मात्र उठल्या नाहीत. त्यांनी चिमटीला जवळ घेऊन विचारलं, "मगर म्हण. पहिला आवाज कुठला?" "म," चिमटी म्हणाली. "शेवटचा?" "र." बाई ताईंकडे वळल्या. "अर्धं काम झालंय. उरलेल्या अर्ध्याला दीड महिना पुरायचा नाही, पण सुरुवात करा. आणि वर यायचं तुमचं, ते मी तिकडे नाही म्हणून सांगते. तुम्ही नसलेल्याच बऱ्या."

मोठ्या बाई त्या दिवशी ताईंशी एक अक्षर बोलल्या नाहीत. नंतरही कामापुरतंच.

सोमवारी ताईंनी खुर्च्या भिंतीकडे तोंड करून मांडल्या. कार्डं भिंतीलगत बांधलेल्या दोरीवर, मुलांचा हात पोचेल अशी, चिमट्यांनी लावली आणि स्वतः मुलांच्या पाठीमागे, अंगाला अंग लागणार नाही इतक्या अंतरावर उभ्या राहिल्या. सकाळचे दोन तास एकही शब्द निघाला नाही. तीन मुलं रडली. एकाने खुर्ची उलटी फिरवली. ताईंनी ती न बोलता पुन्हा सुलटी केली.

मधल्या सुट्टीनंतर चिमटीची पाळी आली. कार्ड 'नळ'चं होतं. ती बराच वेळ भिंतीकडे बघत राहिली.

"ताई, तू आहेस ना मागे?"

"आहे."

"मग सांग ना."

"नाही."

"थोडंसं?"

ताईंनी दोन्ही हात पाठीशी घट्ट धरले होते. जीभ टाळूला लागली होती, ती त्यांनी दातांखाली दाबली. कोणी बघत नव्हतं, तरी दाबली. समोर चिमटीने बोट उचललं आणि पहिल्या अक्षराच्या रेघेवर, वरून खाली, सावकाश फिरवायला सुरुवात केली.

"ब?" ती म्हणाली.

चूक होतं. ताई हलल्या नाहीत. चिमटीची मान मागे वळायला निघाली, अर्ध्यावर थांबली, आणि बोट पुन्हा रेघेवर गेलं.