नमदा म्हणायची चोरी

मित्रांनो, आत आला आहात तर आधी ते दार लावून घ्या. मग हात शेका आणि मग माझी कहाणी ऐका. नाहीतर नेहमीसारखंच व्हायचं. दार सताड उघडं टाकायचं आणि वर मलाच विचारायचं, "काय गं, आज तापली नाहीस का?"

मी नारीन नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका गावातली जुनी विटांची शेगडी. इकडे मला मेश म्हणतात. माझं निम्मं अंग स्वयंपाकघरात आणि निम्मं मोठ्या खोलीत, दाराला लागून. मला तोंड आहे, चांगलं लोखंडी झाकणाचं. पण त्यात शेणी आणि कोळसा कोंबण्यापलीकडे कोणी त्याचा उपयोग केला नाही. मला बोलता आलं असतं तर पुढचा सगळा घोळ झालाच नसता.

कियीझबाय आणि उमसुनाय या नवराबायकोने मला बांधलं. त्याने विटा रचल्या आणि तिने नदीकाठची माती मीठ घालून पायांनी तुडवली. मिठाने माती तडकत नाही, हे तिला तिच्या आईने सांगितलं होतं. पहिला जाळ पेटला तेव्हा उमसुनायने चरबीचा तुकडा माझ्या तोंडात टाकला आणि हात जोडले. तेव्हापासून मी या घरची झाले.

मित्रांनो, लोक तेव्हा माझी फार तारीफ करत. "मेश आहे की सोनं!" म्हणत. मी फुगून जायची, पण खरं सांगायचं तर ती तारीफ उमसुनायची होती. पानगळ सुरू झाली की ती माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही, घराच्या मागे लागायची. माळ्यावर चढून मातीत कालवलेला पेंढा छतावर पसरायची. खिडक्यांच्या फटीत कापूस कोंबून वर कागदाच्या पट्ट्या चिकटवायची. दाराच्या कडांना चिंध्या ठोकायची आणि उत्तरेच्या भिंतीवर दोन जाड नमदे, म्हणजे लोकर भिजवून लाटलेली कांबळी, टांगायची. "जाळ काय, कोणीही करेल. ऊब राखायला बाई लागते," असं म्हणायची. तेव्हा एका बादलीभर कोळशात मी रात्र काढत असे.

उमसुनाय गेली आणि माझे वाईट दिवस आले. मुलगा मेलिस मॉस्कोला बांधकामावर राबून परतला तो डोक्यात नवीनच खूळ घेऊन. "घर कसं उजेडाचं पाहिजे!" म्हणाला आणि उत्तरेच्या भिंतीत डोंगर दिसेल अशी भलीमोठी खिडकी बसवली. चौकटीभोवती बोट जाईल एवढी फट राहिली, तिच्यावर रंगीत पट्टी चिकटवली की काम झालं! नमदे जुनाट दिसतात म्हणून काढले, गुंडाळले आणि पाहुण्यांच्या गाद्यांच्या ढिगाखाली घातले. भिंतीवर फुलाफुलांचा कागद आला. माळ्यावरचा पेंढा उंदरांनी नेला, तिकडे तर कोणी फिरकलंच नाही.

मग थंडी पडली आणि सगळे माझ्यावर उखडले. "मेश म्हातारी झाली. पाडून टाकू." चोर सोडून संन्याशाला फाशी! मी तर लाल होईपर्यंत जळत होते. बुरुलचा, म्हणजे मेलिसची बायको, बादल्यांवर बादल्या कोळसा आणून माझ्या तोंडात ओतायची. माझी ऊब छतातून वर जायची, खिडकीतून बाहेर जायची आणि डोंगर शेकायचा. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते हे असं.

एकदा तर मेलिसने ऊब वाचवायची म्हणून निखाऱ्यांवर निळी ज्योत नाचत असताना माझ्या धुराड्याची झडप लावून टाकली. बुरुलचाने धावत येऊन ती ओढली म्हणून बरं. मित्रांनो, एवढं मात्र लक्षात ठेवा, निखारे पुरते विझल्याशिवाय झडप लावू नये. निखाऱ्यांच्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

आता सगळ्यांत संतापाची गोष्ट. आमच्याकडे मोठ्या माणसाला तोरवर बसवतात. तोर म्हणजे दारापासून सगळ्यांत लांबची, मानाची जागा. दाराजवळ बसते ती सून. पण मी आहे दाराजवळ! आणि आमची तोर नेमकी त्या नव्या खिडकीखाली, उत्तरेच्या उघड्या भिंतीला टेकून. म्हणजे सून घामाघूम आणि सासरा काकडतोय. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. कियीझबाय मानाने बसायचा आणि मानानेच खोकायचा. खोकला छातीत उतरला तेव्हा मेलिस म्हणाला, "बाबा, शनिवारी गाडी जाते आहे. बिश्केकला ताईकडे चला. पाचवा मजला आहे, नळातून गरम पाणी फिरतं, शेगडीची कटकट नाही."

म्हाताऱ्याचा जीव इथेच होता. त्याची घोडी गाभण होती, वसंतात व्यायची होती. उमसुनायची कबर टेकडीवर होती. पाचव्या मजल्यावर तो काय करणार होता? खिडकीतून गाड्या मोजणार? मला इतकं वाईट वाटलं की माझी एक वीट खरोखरच तडकली.

दुखणं कुठे आहे हे बुरुलचाला बरोबर कळलं होतं. तिने भिंतीला हात लावून पाहिला होता, खिडकीजवळ दिवा धरला तर ज्योत आडवी झाली होती. भिंतीवर नमदा लावा, एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगणार कसं? नमद्याला आमच्या भाषेत म्हणतात कियीझ, आणि सासऱ्याचं नाव कियीझबाय! आमच्याकडे सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, नावात येणारा शब्दसुद्धा उच्चारायचा नसतो. लग्न होऊन आल्यापासून बिचारीला नमदा म्हणायची चोरी. बाकी सुना 'अंथरायचं' म्हणून वेळ मारून नेतात, पण अंथरायचं भिंतीवर लावा म्हटलं तर लोक वेडी म्हणतील.

शेवटी तिने धीर केला. मेलिस फोनला चिकटलेला होता.

"अहो, ऐकता का? ते मेंढीचं काढा ना. भिजवून लाटतात ते. बाबांना बरं वाटेल."

"मेंढीचं? लाटलेलं?" मेलिसने मान वर केली. "अगं मग सरळ सांग ना, बाबांना बेशबर्माक खायचंय! जाण्याआधी सगळ्यांना जेवायला बोलवू."

"खायचं नाही हो! भिंतीला लावायचं!"

पण तो सुरी घेऊन गोठ्याकडे गेलासुद्धा. मेंढीचं मांस आणि लाटलेल्या शेवया, झालं याचं बेशबर्माक! बुरुलचाने कपाळावर हात मारून घेतला. मला हात नाहीत, नाहीतर मीही मारला असता.

शुक्रवारी दुपारी अख्खी गल्ली जेवायला आली. एकजण आला की दार उघडं, दुसरा बूट काढेपर्यंत उघडं, तिसरा अंगणातल्या चौथ्याशी गप्पा मारेपर्यंत उघडं. मी जीव खाऊन जळत होते. बसायला ढिगातल्या गाद्या काढल्या, तेव्हा तळाशी ते दोन गुंडाळलेले नमदे उघडे पडले. कोणी बघितलंसुद्धा नाही. तोरवर कियीझबाय कोट घालून बसला होता. त्याच्या वाटीतला चहा हिंदकळत होता.

झायनप एजे, म्हणजे त्याची थोरली बहीण, पलीकडच्या गावाहून आली होती. तिला भावाचं नाव घ्यायची कसली चोरी? आल्या आल्या ओरडली, "ए कियीझ! ओठ निळे का पडलेत रे तुझे?"

माझ्याजवळ चहा ओतत बसलेल्या बुरुलचाने किटली खाली ठेवली.

"एजे, आत्ता काय म्हणालात?"

"काय म्हणाले? कियीझ म्हणाले. माझ्या भावाचं नाव मी नाही घ्यायचं तर काय कोंबड्याने घ्यायचं?"

"परत एकदा म्हणा ना."

सून थोरल्या बाईची फिरकी घेते की काय, असंच सगळ्यांना वाटलं.

"कियीझ!" एजे ठसक्यात म्हणाली.

बुरुलचाने शेजारची पळी उचलून गाद्यांच्या ढिगाच्या तळाकडे रोखली, मग तीच पळी उत्तरेच्या भिंतीकडे फिरवली. "तेच. तिथे. यांच्याकडे मेंढीचं, लाटलेलं मागितलं होतं मी."

एजेने तळाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, काकडणाऱ्या भावाकडे पाहिलं आणि मग मेलिसकडे वळली.

"अरे मेल्या! बायको तुझ्याकडे नमदा मागत होती आणि तू मेंढी कापलीस?"

जे हसू फुटलं ते आवरेना. मेलिस माझ्या तव्यासारखा लाल झाला. फक्त कियीझबाय हसला नाही.

"मला ठाऊक होतं," तो हळूच म्हणाला. "पहिल्या थंडीपासून ठाऊक होतं. पण मानाच्या जागेवर बसून पाठ गारठते म्हणायचं, म्हणजे घराला नाव ठेवणं. पोराने हौसेने खिडकी बसवली होती."

"मग खोकून मरणार होतास?" एजे कडाडली.

तो सुनेकडे वळून म्हणाला, "पोरी, वसंतात घोडी व्याली की शिंगरू तुझं. सासऱ्याने देणगी दिली की सून सुटते, आजपासून माझं नाव तुला मोकळं. आणि शिंगरू तुझ्या हातात द्यायला मी इथेच लागणार, पाचव्या मजल्यावरून नाही देता यायचं."

बुरुलचाचे कान लाल झाले. तिला जमेना. तिने माझ्याकडे पाहिलं, देवाशपथ माझ्याकडेच पाहिलं. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "कियीझ." आणि एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर थांबतेय कुठे! "कियीझ तिथे लावा. खिडकीवर दुसरा. मेशपासून लांबच ठेवा, ठिणगी पडेल. फटीत लोकर भरा, दाराला चिंध्या ठोका, आणि अहो, उद्या माळ्यावर चढा!"

गल्लीतल्या बाप्यांनी जेवणाआधी नमदे ठोकले. शनिवारची गाडी म्हाताऱ्याच्या जागी बटाट्याची पोती घेऊन गेली. त्याच दिवशी मेलिस माळ्यावर माती-पेंढा तुडवत होता आणि शिंकत होता.

खोकला हळूहळू उतरला. मला पुन्हा एक बादली पुरू लागली. आणि एका सकाळी कियीझबाय तोरवर बसल्या बसल्या म्हणाला, "फारच उकडतंय बुवा." मग त्या भल्या माणसाने काय करावं? नमदा बाजूला सारून खिडकी उघडली! मित्रांनो, मी काय बोलू? तोंड आहे, पण त्यात कोळसा आहे.

म्हणून तुम्हीच ध्यानात ठेवा. घर गार वाटलं तर शेगडीला शिव्या देऊ नका, आधी भिंतीला हात लावा, छताकडे बघा, फटीजवळ दिवा धरा. आणि ज्याला तुम्ही मानाने सगळ्यांत चांगल्या जागी बसवलं आहे, त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवून बघा. तो स्वतःहून सांगणार नाही.