बसएवढा, अंगभर ठिपके

आमच्या ह्यांना शार्क दिसला म्हणे! खाडीपलीकडे माणसं नेणारी आमची बोट. हे सुकाणूवर, मी तिकिटांवर. काल तापामुळे मी घरी राहिले, तर नेमका कालच दिसला. आमच्या खाडीत उभ्या जन्मात कुणी शार्क पाहिला नव्हता.

"बसएवढा होता," हे म्हणाले. "अंगभर पांढरे ठिपके."

"ठिपके तुमच्या डोळ्यांत असतील!"

मी थट्टा करत होते, पण जीव टांगणीला लागला होता. हल्ली हे चहाचा कप टेबलाच्या बाहेरच ठेवायचे. डोळे तपासा म्हटलं की अंगावर यायचे. आता तर काय, "शार्क टिपला, आणखी काय हवं?" खरं सांगते, मलाही तेच हवं होतं. शार्क खरा तर डोळे खरे, आणि बोटीवरची माणसं सुखरूप.

म्हणून आज अंगात कसकस असूनही गेले. तिकिटं संपवून पुढच्या कठड्याला चिकटले.

"वहिनी, शार्कचं तिकीट फाडणार का?" एक उतारू म्हणाला.

"फाडीन की! पूर्ण तिकीट."

खाडीच्या मध्यावर पाण्याखाली काहीतरी काळं हललं. मग ते वर आलं. अगं बाई! रुंद, चपटं डोकं, बसएवढं धूड, आणि पाठभर पांढरे ठिपके, चुना शिंपडल्यासारखे. आ वासून निवांत पाणी गिळत चालला होता. दात काही दिसेनात. मला इतका आनंद झाला की रडूच आलं.

"अहो, ठिपके खरे निघाले! समोरच आहे, वेग कमी करा!"

बोट तशीच पुढे. मी वळून पाहिलं. हे थेट त्याच्याकडेच बघत होते आणि विचारत होते, "कुठाय?"

धावत जाऊन मी इंजिन बंद केलं. शार्क बोटीला घासून जाईल इतक्या जवळून सरकला.

"मग काल?" मी विचारलं.

"काल उतारू ओरडत होते. बसएवढा, ठिपके... मी नुसतं ऐकलं."

असा संताप आला! बोट माझ्या माहेरची, तरी इतक्या वर्षांत ह्यांनी मला सुकाणूला हात लावू दिला असेल तर शपथ. आता स्वतःच बाजूला सरकले.

"धर तू," म्हणाले. "आणि मला नीट सांग. केवढा आहे गं?"