रिकामं यार्ड

न्हावा शेव्याजवळच्या एका कंटेनर यार्डात बिनड्रायव्हरच्या गाड्या सोडायच्या होत्या. प्रत्येक गाडी स्वतः निर्णय घेणार, शेजारच्या गाडीशी आणि क्रेनशी बोलणार. या सगळ्यांचे नियम गणिताच्या भाषेत नेमके लिहायचं काम म्हसळ्याच्या महनूरकडे होतं. ते लिहिले की घडू शकेल ती प्रत्येक शक्यता संगणक तपासून बघायचा.

एका शक्यतेवर तो अडला. समोरासमोर दोन गाड्या. दुसरी थांबेल असं धरून दोघीही पुढे सरकतात आणि मध्ये, कंटेनरला गाडीवर जखडणारी कुलपं सोडवणारा कामगार चिरडला जातो.

तिनं ते प्रकल्पप्रमुख दिपेशसरांना दाखवलं. ते वडापाव खात होते.

"मग माणूस काढून टाक ना मॉडेलमधून. गाड्या चालू असताना आत कोणी नसतं, असं गृहीत धर."

"पण सर, कुलपं सोडवायला माणसं आतच असतात."

"बोर्ड लावू गं. आत आला तर त्याची जबाबदारी."

महनूरला त्यांच्या बोटांवरच्या तेलाकडेही बघवेना. तिनं नकार दिला. सरांनी दुसऱ्याकडून माणसाची ओळ खोडून घेतली. संगणकानं लगेच 'सुरक्षित' म्हणून उत्तर दिलं आणि अहवालावर नाव महनूरचंच राहिलं.

चाचणीच्या सकाळी ती यार्डात कामगारांचे मुकादम अंबाजी यांच्याकडे गेली. "काका, आमच्या हिशोबात तुम्ही कोणी आत नसताच. गाड्या तसंच समजून चालणार."

अंबाजींनी विचारलं, "म्हंजे आमी न्हायच?"

"नाही."

"मंग बाय, तुमचा हिशोब खोटा नको पडायला." त्यांनी शिटी मारली. सगळे कामगार कुंपणाबाहेर येऊन सावलीत बसले.

गाड्या कंटेनर घेऊन आल्या आणि थांबल्या. कुलपं सोडवायला कोणी नव्हतं. चाचणी बघायला आलेले पाहुणे घड्याळं बघू लागले. दिपेशसर लालबुंद होऊन धावत आले.

"तू भडकवलंस यांना?"

"मी फक्त आपलं गृहीतक सांगितलं, सर."

चाचणी रद्द झाली. माणसाला धरून नियम पुन्हा लिहायचे ठरले; महनूरनंच ते लिहिले. कामगार दिसला की दोन्ही गाड्या थांबणार, तो बाहेर पडेपर्यंत हलणार नाहीत.

पुढच्या चाचणीनंतर केक कापला गेला. "कामगारांची सुरक्षा आम्ही पहिल्या दिवसापासून सर्वात वर ठेवली," दिपेशसर माईकवर म्हणाले आणि टाळ्या पडल्या. महनूरच्या तोंडात केकचा घास होता. तो तिनं कागदी रुमालात थुंकला, आणि कोणाशीही न बोलता ती बाहेर पडली.