दहा मिलिमीटरचा आहेर

दाजींनी गाडी गॅरेजच्या दारात अशी आणून उभी केली, जणू मागच्या सीटवर प्रेत आहे आणि खुनी समोरच उभा आहे.

"बघ, तुझा आहेर," ते म्हणाले.

मेस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला नाही. दाजी आले की तो पाना हातातच ठेवायचा. मारायचा विचार नसायचा, पण आधार वाटायचा. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. नोकरीने वजनमापांचे निरीक्षक. उभं आयुष्य दुकानदारांचे काटे तपासण्यात गेलेलं, त्यामुळे माणूस भेटला की तो किती ग्रॅम कमी भरतोय हेच आधी बघायचे. मेस्त्री त्यांच्या मते सहा वर्षं कमीच भरत होता.

सहा वर्षांपूर्वी, ताईच्या लग्नात, मेस्त्रीने दाजींच्या मोटरसायकलला मागच्या चाकाचे धक्के झेलणारे दोन शॉक आहेर दिले होते. कंपनीचे नव्हेत, बाहेरचे: लाल स्प्रिंग, वर तेलाची चकचकीत डबी. दाजींना घड्याळ हवं होतं.

"गाडी डावीकडे ओढते," दाजी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."

"मग सहा वर्षं गप्प का होतात?"

"पुरावा जमवत होतो."

ताई मागून पर्स सावरत आली. "भांडून झालं की सांगा. उद्या अकराला घाटाखालच्या शाळेत माझी मुलाखत आहे. बस साडेबाराला पोचते, म्हणून गाडीनेच जायचंय. घाट उतरेल का ही, एवढंच सांग. चार वर्षांनी जागा निघालीय."

"उतरणार नाही," दाजी म्हणाले.

"उतरणार नाही," मेस्त्री म्हणाला.

"एकमत झालं," ताई म्हणाली. "आता कशावर भांडणार?"

कारणावर भांडले. मेस्त्रीचं म्हणणं, दाजी खड्डा बघून वेग वाढवतात. दाजींचं म्हणणं, आहेरच खोटा होता. ताई उलट्या ठेवलेल्या टायरवर बसली आणि मुलाखतीची उत्तरं पुटपुटू लागली.

मेस्त्रीने सीट दाबून सोडली. धड शॉक एकदा वर येतो आणि गप्प बसतो. ही गाडी तीनदा डोलली, जणू दाजींच्या म्हणण्याला दुजोरा देत होती. डाव्या शॉकच्या दांड्यावरून अंगठा फिरवला तर तेल लागलं. दांडा एकाच अंगाला घासून चकाकत होता. वरच्या डोळ्यातला, म्हणजे बोल्टच्या भोकातला, रबरी बुश तर एका बाजूने पार चेपला होता.

"तिरके बसलेत," तो म्हणाला. "कोणी खोलले होते?"

"कोणी नाही. तुझं सील मी तोडत नाही."

खालचा बोल्ट निघेना. तिथे मेस्त्रीला पहिल्यांदा शंका आली. गाडी स्टँडवर असली की हा बोल्ट बोटाने सरकायला हवा. हातोडी मारल्यावर तो ठाणकन निघाला आणि शॉक उसळून बाहेर आला. दोन्ही शॉक गाडीवर सारखेच दिसतात, कारण गाडी त्यांना जबरदस्तीने सारखं करते. उतरवल्यावर ते खरं बोलतात.

"टेप आणलीय का?" त्याने विचारलं.

"रविवारी मी मोजत नाही," दाजी म्हणाले आणि चहा प्यायला समोर गेले.

मेस्त्रीने भोकाच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंत स्वतःचीच टेप धरली. उजवा तीनशे तीस मिलिमीटर. डावा तीनशे चाळीस.

त्याने परत मोजलं. मग कोपऱ्यातल्या स्वतःच्या गाडीकडे बघितलं.

तिलाही लाल स्प्रिंगा होत्या. दोन्ही जोड्या त्याने एकाच दिवशी आणल्या होत्या: दाजींना तीनशे तीस, स्वतःच्या जड गाडीला तीनशे चाळीस. आहेराला पुठ्ठ्याची खोकी बरी दिसत नाहीत म्हणून चारही बाहेर काढले आणि दोन चमकत्या कागदात गुंडाळले. सगळ्यात चमकणारे दोन. त्याची गाडी तेव्हापासून उजवीकडे ओढायची. आधी त्याने रस्त्याला दोष दिला, मग वाऱ्याला. गेली दोन वर्षं तो समतोल राहावा म्हणून डाव्या खिशात पान्यांचा जुडगा ठेवून फिरत होता आणि त्याच्या सगळ्या विजारी डावीकडून फाटल्या होत्या.

हे फक्त त्यालाच माहीत होतं. बुश बदलून बोल्ट ठोकला असता, तर दाजींना जन्मात कळलं नसतं. कळलं असतं घाटाला.

ताई टायरवर बसून पुटपुटत होती, "मुलांना आधी ऐकून घ्यायला हवं, असं माझं मत आहे."

मेस्त्रीने स्वतःच्या गाडीचे शॉक उतरवले. दाजी परतले तेव्हा जमिनीवर चार शॉक ओळीत होते आणि त्यांच्या शेजारी टेप पसरलेली होती.

"चूक माझी," मेस्त्री म्हणाला. त्याला वाटलं होतं, हे म्हणताना दात पडतील. पडले नाहीत. "जोड्या मीच मिसळल्या. आखूड दोन्ही धड आहेत, ते तुमचे."

दाजी उकिडवे बसले. रविवार असूनही त्यांनी मोजलं. चारदा. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की ताईला काळजी वाटली.

"म्हणजे सहा वर्षं माझा एक शॉक तू वापरलास."

"आणि माझा तुम्ही गळका केलात."

"लेखी देशील?"

"ताईची मुलाखत झाल्यावर."

आखूड जोडी बसली. नवे बुश आत गेले, बोल्ट बोटाने सरकला. सीट दाबली, गाडी एकदा वर आली आणि गप्प झाली. दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का बघायला मेस्त्रीने चाकांना दोरा लावला, ताईला मागे बसवलं, परत दोरा लावला. मग दाजींना म्हणाला, "खड्डा दिसला की ब्रेक. वेग नाही."

"माझा शॉक मला मिळाला. यात उपकार नाहीत," दाजी म्हणाले आणि किक मारली.

"नाहीतच."

गाडी सरळ गेली. वळणापर्यंत मेस्त्री बघत राहिला. दाजी मात्र सवयीने हँडल उजवीकडे दाबून चालवत होते, आणि ताई मागून त्यांच्या पाठीत बुक्की घालत होती.

मेस्त्री आत आला. त्याच्या वाट्याला आता एक धड आणि एक गळका, दोन्ही सारख्याच लांबीचे शॉक होते. त्याने खिशातला जुडगा काढून बाकावर ठेवला. डाव्या ओझ्याची सवय झालेली विजार लगेच उजवीकडे घसरली.