मळणीचा घागरा

साबिनाकडची लाल कान्यिवा, म्हणजे राजगिऱ्यासारख्या त्या बारीक धान्याची लाल जात, गेली ती तिच्याच हातानं. व्यापारी पिवळीला चढा भाव देई, म्हणून ती चार वर्षं नुसती पिवळीच पेरत राहिली आणि मडक्यातलं लाल बी उंदरांनी फस्त केलं. यंदा हिमानं पिवळी जमिनीवर लोळवली, तेव्हा तिला लालची आठवण झाली. हिमात तग धरते ती लालच.

गावात लाल उरली होती एकट्या तोरिबियाकडे, आणि मागायची सोय नव्हती. आयाविरीच्या त्या उंच माळावर बी मागत नाहीत. मागून दिलं की देणाऱ्याच्या घरची बरकत त्या बियाण्यामागोमाग चालती होते. त्यात तोरिबिया हाताची घट्ट. तिच्या घरच्या रश्शात बटाटा शोधावा लागे.

मळणीला मात्र कुणीही कुणाकडे जावं, असा रिवाज. आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे. साबिना गेली, ती लग्नातला लोकरीचा, दाट चुण्यांचा घागरा घालून.

"नाचायला निघालीस का गं?" तोरिबियानं विचारलं.

"थंडी वाजते, अक्का."

"ऊन तर रणरणतंय."

आणि तिनं साबिनाला पिवळीच्या ढिगावर बसवलं.

साबिना काठीनं पेंढ्या झोडपत राहिली. नजर मात्र पलीकडच्या लाल ढिगावर. म्हातारीला कळलं असेल का? कळलं असेल तर हाकलत का नाही?

जेवणात उकडलेलं चुन्यो आणि चीज होतं. बटाट्याच्या त्या वाळक्या, काळ्या गोळ्यांतला शेवटचा तोंडात टाकत तोरिबिया म्हणाली, "वारा फिरलाय. भुसा डोळ्यांत जाईल तुझ्या. इकडे लालकडे बस."

वारा जिथल्या तिथे होता. साबिना घागरा पसरून बसली. मध्येच तोरिबियानं तिला झऱ्यावर पाण्याला पिटाळलं. साबिनाचं ओझं बांधायचं पाठीवरचं फडकं ढिगापाशीच राहिलं.

निघताना बायकांनी, चुण्यांत अडकलेला दाणा पडावा म्हणून, मालकिणीच्या चादरीवर घागरे झटकायचे असतात. साबिना झटकू लागली, त्यात एखादं तान्हं मूल झोपलेलं असावं अशा बेतानं.

"पुरे," तोरिबिया म्हणाली. "फार झटकलंस तर थंडी वाजेल."

घरी चुण्या उलगडल्यावर चिमूटभर दाणे निघाले. फडक्याच्या कोपऱ्यात मात्र मूठभर बी गाठ मारून बांधलेलं.

"चोरलंस?" नवरा मेलितोन हसला.

"मी अशी दुहेरी गाठ मारत नाही."

"मग कुणी मारली? तिनं? ती तर कुणाला शिळी भाकरीही देत नाही."

साबिनालाही तेच कोडं पडलं. वर्षभर ती येता-जाता तोरिबियाच्या चेहऱ्यावर उत्तर शोधत राहिली. म्हातारी हवापाण्याशिवाय एक शब्द बोलली नाही.

पुढच्या वर्षी गारपीट झाली, ती नेमकी ओढ्यापलीकडच्या शेतांवर. तोरिबियाचं उभं पीक मातीत गेलं. साबिनाच्या उतारावर लाल डोलत होती.

मळणीच्या सकाळी तोरिबिया न बोलावता आली. भर उन्हात लोकरीचा घागरा, घेर एवढा की दारातून येताना तिला तिरकं व्हावं लागलं.

"अक्का, नाचायला निघालात?"

"थंडी आहे गं," तोरिबिया म्हणाली. मग आवाज उतरवून, "हा घागरा तुझ्या सासूच्या मळणीलाही घालून आले होते मी. माझ्याकडे लाल आली कुठून, असं वाटलं तुला?"

साबिनानं पिवळीचा ढीग पायानं बाजूला सारला.

"इकडे बसा," ती म्हणाली. "वारा फिरलाय."